पदकाच्या कडेवरचा इतिहास

विशेष प्रतिनिधी

नाणी आणि टपाल तिकिटे जमविणारे पुष्कळ आढळतात. जुन्या औद्योगिक प्रदर्शनांची स्मृतिपदके जमविणारे मात्र मोजकेच. या छंदाकडे वळणाऱ्याने प्रथम लंडनचे १८५१ चे महाप्रदर्शन समजून घ्यावे.

हाइड पार्कमध्ये जोसेफ पॅक्स्टन यांच्या आराखड्यानुसार उभारलेल्या काचेच्या 'क्रिस्टल पॅलेस'मध्ये १ मे १८५१ रोजी हे प्रदर्शन सुरू झाले. सुमारे १४ हजार प्रदर्शकांनी त्यात भाग घेतला आणि साडेपाच महिन्यांत भेटींचा आकडा ६० लाखांवर गेला. पंजाबातून नेलेला कोहिनूर आणि ईस्ट इंडिया कंपनीने मांडलेल्या हिंदी कारागिरीच्या वस्तूही तेथे होत्या.

अधिकृत पदके कांस्याची होती. सर्वोच्च 'कौन्सिल पदक' अवघ्या १७० च्या आसपास मानकऱ्यांना मिळाले. त्याखालील 'पारितोषिक पदके' तीन हजारांच्या घरात होती. परीक्षकांसाठी स्वतंत्र पदक होते, तर प्रदर्शकांना सहभागाचे लहान पदक देण्यात आले. साहजिकच हे लहान पदक आज तुलनेने सहज मिळते. कौन्सिल पदकावरील व्हिक्टोरिया राणी व प्रिन्स अल्बर्ट यांच्या मुद्रा विल्यम वायन या नामवंत खोदकाराच्या. प्रदर्शनाची सांगता झाली, त्याच महिन्यात त्यांचे निधन झाले.

संग्राहकाची नजर मात्र आधी जाते ती पदकाच्या कडेकडे. पारितोषिक पदकाच्या कडेवर विजेत्याचे नाव असते. सहभागाच्या पदकावर वर्ग आणि क्रमांक. हा क्रमांक प्रदर्शनाच्या अधिकृत सूचीशी ताडून पाहिला, की ते पदक कोणत्या कारखानदाराचे वा कारागिराचे होते, याचा उलगडा होतो.

नवख्यांची फसगत येथेच होते. क्रिस्टल पॅलेसचे चित्र असलेली, कथलाच्या पांढऱ्या मिश्रधातूची अनेक पदके त्या काळी आठवण म्हणून विकली जात. ती अस्सल आहेत, पण ती पारितोषिके नव्हेत. कडेवरील नाव मागाहून कोरलेले नाही ना, हेही पारखून घ्यावे लागते.

दुसरा धोका आपल्याच हातचा. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासून लखलखीत करण्याची सवय येथे घातक ठरते. कांस्यावरील तपकिरी झिलई म्हणजे मळ नव्हे. ती गेली की मोल घटते आणि वारंवार घासल्यास कोरीव अक्षरेही पुसट होतात. पदक कडेला धरून हाताळावे आणि आम्लरहित कागदात कोरड्या जागी ठेवावे. कडेवरचे नाव एकदा झिजले, की पदक उरते, पण ते कोणी मिळविले होते हे सांगणारा पुरावा उरत नाही.