कोजागिरीच्या पातेल्यातली भेसळ

उद्या रात्री कोजागिरी. छाप्यांच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. कुठे टँकर अडवला, कुठे खव्याचा साठा नष्ट केला. अन्न व औषध प्रशासनाचा हा दरवर्षीचा हंगाम दसऱ्याच्या आसपास सुरू होतो आणि दिवाळीच्या फराळाबरोबर आटोपतो. नंतर वर्षभर तेच दूध आपण निमूटपणे चहात घालतो.

भ्यायचंच असेल तर नेमकं कशाला, तेवढं बघून घेऊ. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले होते. युरिया, डिटर्जंट अशी जिची आपल्याला धास्ती असते ती भेसळ निघाली अवघ्या १२ नमुन्यांत. त्याहून मोठा आकडा अफ्लाटॉक्सिन एम-१ चा होता: ३६८ नमुने. जनावराने बुरशी लागलेली पेंड किंवा चारा खाल्ला की हे विष दुधात उतरतं. ते उकळून जात नाही, आणि सुट्या दुधापेक्षा पिशवीच्या दुधात जास्त आढळलं होतं. त्यावर घरी इलाज नाही. तो गोठ्यात आणि डेअरीतच व्हायला हवा. पण त्याच पाहणीतला आणखी एक आकडा आपल्या उद्याच्या कामाचा आहे. सुमारे ४१ टक्के नमुने खायला सुरक्षित असूनही स्निग्धांश किंवा इतर घटकांच्या निकषांत कमी पडले. थोडक्यात, दूध विषारी नव्हतं, पातळ होतं.

पातळ दुधावरचा उपाय आपल्या आज्यांना ठाऊक होता: आटवणं. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश आणि ९ टक्के इतर घनपदार्थ असतात, म्हणजे एकूण १५ टक्के, बाकी पाणी. लिटरभर दूध पाऊण लिटरवर आणलं की हे प्रमाण २० टक्क्यांवर जातं. मसाला दुधाला एवढा दाटपणा पुरे. अर्ध्यावर आणलंत तर ३० टक्के, आणि मग ती बासुंदी झाली. ती पेल्यातून प्यायची नसते. टोन्ड दुधात मात्र मुळातच साडेअकरा टक्के ऐवज असतो. त्याला २० वर न्यायचं तर लिटरचं पावणेसहाशे मिलिलिटर करावं लागतं. स्वस्त दूध आणून गॅस जाळण्यात काय हशील, हा हिशोब ज्याचा त्याने करावा.

आटवायला जाड बुडाचं पातेलं, मध्यम आच आणि अर्धा-पाऊण तास शेजारी उभं राहणारा माणूस लागतो. पातेल्याच्या कडेला जी साय चिकटते ती उलथन्याने खरवडून पुन्हा दुधात ढकलायची. दाट दुधाचे ते रवाळ कण तिथूनच येतात. मिक्सरमधून येत नाहीत. साखर शेवटी, नाहीतर दूध बुडाला लागायची भीती. आणि हात आखडता ठेवा. दूध आटतं तशी त्यातली स्वतःची साखरही दाट होते.

आता सोसायटीच्या गच्चीवरचं दूध बघा. वीस लिटर दूध, मोठ्ठं भगुणं, भाड्याची शेगडी, तिकडे हाऊजीचे नंबर पुकारणं सुरू झालेलं. आटवायला वेळ कोणाला? मग कोणीतरी वाटीभर कस्टर्ड पावडर कालवून ओततं. रंग आला, दाटपणा आला, सगळे खूश. कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः कॉर्नफ्लोअर, म्हणजे स्टार्चच. गंमत अशी की दुधात स्टार्च आहे का हे ओळखायची एफएसएसएआयनेच सांगितलेली घरगुती चाचणी आहे. थोडं दूध पाण्यात उकळून थंड करायचं आणि टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकायचे. निळं झालं की भेसळ. गच्चीवरचं हे दूध त्या चाचणीत निळंशार होईल. दूधवाल्याने कॉर्नफ्लोअर घातलं तर बातमी होते, कमिटीने घातलं तर पाककौशल्य.

रंगाचंही तसंच. अस्सल केशराच्या दोन काड्या कोमट पाण्यात टाका. सोनेरी रंग सावकाश उतरतो आणि काडी लालच राहते. टाकल्याटाकल्या पाणी लाल आणि काडी पांढरी झाली तर तुम्ही रंगवलेलं काहीतरी विकत घेतलंत. बरेचदा ती करडईची पाकळी असते, आणि करडई तर आपल्या सोलापूर-मराठवाड्याची! फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने करडईवर कित्येक वर्षं काम केलं आहे. करडईच्या पाकळ्यांचा काढाही पितात. करडई म्हणून विकली तर तिच्यात काही वाईट नाही. केशराच्या डबीत आणि केशराच्या भावात शिरली की घोळ होतो. बाकी तयार मसाल्याच्या पुडीबद्दल एवढंच सांगतो की मागची बारीक अक्षरं वाचा. घटकांत पहिलं नाव बहुधा साखरेचं निघेल.

पण माझ्या मते मसाला दूध बनतं किंवा बिघडतं ते जायफळावर. केशराचा बोलबाला त्याच्या भावामुळे आहे. डोळे मिटून घोट घेतलात तर आधी नाकात शिरतं ते जायफळच.

अख्खं जायफळ आणा, किसणीच्या बारीक बाजूवर किसा. किसणी चिकट होते, कारण जायफळात एक-तृतीयांशाच्या आसपास चरबीच असते. त्या चरबीतलं मुख्य आम्ल म्हणजे मिरिस्टिक आम्ल, आणि दुधाच्या स्निग्धांशातही साधारण दहावा हिस्सा त्याचाच. हे दोघं रसायनशास्त्राच्या हिशेबानेही एकमेकांचे नातलग निघतात. जायफळाचा वास स्निग्धांशात विरघळतो, म्हणून साईच्या दुधात तो मऊ लागतो आणि सपक दुधात नुसता घशाला टोचतो. हा वास उडूनही चटकन जातो. वर्षभर बरणीत पडलेली पूड म्हणजे जवळपास लाकडाचा भुसा. किसही गॅस बंद केल्यावरच घालायचा, लिटरला पाव चमचा.

बाजारातलं जायफळ केरळचं असतं अशी समजूत आहे. पुष्कळसं असतंही. पण कोकणात नारळ-सुपारीच्या सावलीत हे झाड छान वाढतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा जातीही काढल्या आहेत. बागायतदाराची खरी अडचण निराळीच आहे. जायफळात नर आणि मादी झाडं वेगळी. बी लावून रोप केलं तर फुलं येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं, कळत नाही की आपण फळ देणारं झाड वाढवतोय की नुसता नर. निम्मी झाडं नर निघू शकतात आणि दहा माद्यांमागे एखादा नर पुरतो. कलमांनी हा जुगार संपवला. रत्नागिरीकडून कोणी येणार असेल तर तिकडचं जायफळ मागवा, जावित्रीसकट मिळालं तर उत्तमच.

आता नेहमीचा प्रश्न. रात्रभर जागायचं आणि झोप आणणारं जायफळ प्यायचं, हे कसं? सोपा हिशोब आहे. पाव चमचा म्हणजे अर्धा ग्रॅम धरा. लिटरमध्ये पाच पेले, तर पेल्यामागे ग्रॅमचा दहावा भाग. एवढ्याने कोणी आडवं होत नाही. भेळ, बटाटेवडे आणि वर गोड दूध रिचवून बारा वाजता पेंग आली तर जायफळाला बोल लावू नका. मात्र उलट टोकही ठाऊक असू द्या. एक जायफळ पाचेक ग्रॅमचं भरतं, आणि तेवढी पूड एकदम खाल्लेल्यांना मळमळ, छातीत धडधड, तोंडाला कोरड, अगदी भास झाल्याच्याही वैद्यकीय नोंदी आहेत. बाळगुटी उगाळताना सहाणेवर जायफळाचा एखादाच वेढा देतात, तो उगाच नव्हे. ‘वास येत नाही’ म्हणून गच्चीवरच्या भगुण्यात शिळी पूड मूठमूठ लोटणाऱ्या उत्साही काकांना एवढं जरूर सांगा.

चारोळी घालायच्या आधी एक दाणा चावून बघा. फार लवकर खवट होते आणि एक खवट दाणा अख्ख्या पेल्याची चव घालवतो. वेलदोडे चिमूटभर साखरेबरोबर कुटा. बदाम भिजवून सोला. काजूची पूड घालून दूध दाट करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. निदान आयोडीनला ती कस्टर्डइतकी निळी पडणार नाही.

राहिला चंद्र. दूध कोमट करून तासन् तास उघड्यावर ठेवायची हौस असते, पण कोमट दूध जंतूंनाही फार आवडतं. साडेअकराला उकळी आणा, वर पातळ मलमल बांधा, चंद्र दाखवा आणि वाटून टाका. उरलंच तर लगेच फ्रिजमध्ये. सकाळी जायफळ थोडं कडवट लागेल, तेव्हा ते दूध तसंच न पिता शिऱ्यात घाला.