पिशवी काढली, दुखणे राहिले. झालेल्या अन्यायाची नोंद कोण घेणार?

काही वर्षांपूर्वी ऊसतोडीचा हंगाम संपवून परतलेली एक भगिनी आमच्या कार्यालयात आली. वय चौतीस. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात चुरगळलेली औषधाची बिले आणि एक सोनोग्राफीचा कागद. "जयभीम वकीलसाहेब," म्हणून ती खाली जमिनीवरच बसायला लागली. खुर्चीवर बसा म्हटले तर म्हणाली, "खुर्चीत बसलं की कंबर धरती, दादा. पिशवी काढून सहा वर्सं झाली. तवापासून हाडं ठणकत्यात, अंगातनं वाफा निघत्यात, रातीला झोप न्हाई. डॉक्टर म्हणला व्हता, समदं बरं हुईल."

म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षी तिचे गर्भाशय काढले गेले. अंगावरून पांढरे जात होते, पोटात दुखत होते, म्हणून ती एका खासगी दवाखान्यात गेली. तिथे तिला सांगितले गेले, पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल. दोन पोरे झालीत, आता पिशवीचे काय काम? मुकादमाकडून उचल घेऊन ऑपरेशनचे पैसे भरले. संमतीच्या कागदावर अंगठा नवऱ्याचा. अंडाशय ठेवले की तेही काढले, हे तिला आजतागायत कुणी सांगितलेले नव्हते. ती आमच्याकडे आली होती ती केस करायला नव्हे. तिने विचारले, "दादा, माझ्या अंगातलं काय काय काढलं, तेवढं तरी कळंल का?"

हा प्रश्न एका बाईचा नाही. म्हणूनच आम्ही तो आज वाचकांसमोर ठेवत आहोत.

आकडे काय सांगतात?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली वर्तमानपत्रांतून गाजला. त्या वर्षी जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत माहिती दिली की, २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शंभरातील जवळपास सतरा जणी! २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांत हेच प्रमाण सुमारे तीन टक्के होते. दोन्हीकडचे वयोगट तंतोतंत सारखे नसतील, पण एवढी तफावत वयाने भरून निघत नाही.

असे का घडते, हे फडावर गेलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. हंगामाआधी घेतलेली उचल ऊस तोडून फेडायची. एक दिवस आजारी पडले तर खाडा, आणि खाड्याचा दंड. पाचटाच्या खोपीत ना संडास, ना न्हाणी, ना पुरेसे पाणी. पाळीच्या दिवसांतही डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढायचे. त्यातून जंतुसंसर्ग होणारच. साध्या औषधाने बरा होणारा हा आजार, पण सरकारी दवाखाना लांब आणि खासगीवाला जवळ. मग आजार बरा करण्याऐवजी अवयवच काढून टाकला जातो. बाईला वाटते, पाळीची कटकट गेली, खाडा वाचला.

या बाया कोण आहेत? दलित, भटके-विमुक्त, आदिवासी आणि जमीन नसलेले इतर मागास. ज्यांच्या हाती कोयता आला, त्यांच्याच पोटावर सुरी आली. प्रत्येक शस्त्रक्रिया गैर होती असे आम्ही म्हणत नाही. गाठी, कॅन्सर, अंग बाहेर येणे अशा आजारांत गर्भाशय काढावे लागते आणि त्यातून जीव वाचतो. पण पंचविशी-तिशीतल्या एवढ्या बायांना एकाच जिल्ह्यात शेवटचाच उपाय पहिला का करावा लागला, याचे उत्तर कुणीतरी दिले पाहिजे.

पुढच्यांसाठी नियम, मागच्यांसाठी काय?

चौकशीनंतर काही पावले उचलली गेली, हे मान्य केले पाहिजे. बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक केले गेले. स्थलांतरापूर्वी आणि परतल्यावर आरोग्य तपासणीची शिफारस झाली. तिकडे सर्वोच्च न्यायालयात डॉ. नरेंद्र गुप्ता यांची २०१३ सालची जनहित याचिका होती. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानात गरीब, मागासवर्गीय स्त्रियांच्या अशाच अनावश्यक शस्त्रक्रिया झाल्याची ती तक्रार. ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने सर्व राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले, आणि गरज नसताना किंवा समजून दिलेल्या संमतीशिवाय गर्भाशय काढणाऱ्या रुग्णालयांवर कठोर कारवाई करण्यास बजावले.

पण वाचकहो, हे सगळे नियम उद्याच्या बाईसाठी आहेत. जिचे गर्भाशय काल गेले, तिच्यासाठी यात काय आहे? अंडाशय काढले असतील तर ऐन तारुण्यात पाळी जाण्याची सगळी लक्षणे सुरू होतात. हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशय शाबूत असले तरी ते लवकर थकू शकतात. याला आयुष्यभर देखरेख लागते. पण बाई ओपीडीत जाते, पाच मिनिटांत गोळ्या घेऊन बाहेर येते. तिचा जुना कागद नाही म्हणून नवा डॉक्टर काही ठरवू शकत नाही. शिवाय ज्या पांढऱ्या कोटाने फसवले, त्याच कोटासमोर पुन्हा उभे राहायला तिला भीती वाटते. उपचारानेच इजा झालेल्या रुग्णाचे दुखणे हे असे दुहेरी असते.

कायद्याची वाटही अशीच काट्यांची आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षे जपायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे. तीन वर्षांनंतर कागद गेले तर विचारणार कुणाला? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. उशीर झाला तर सबळ कारण द्यायचे. वास्तविक समीरा कोहली प्रकरणात २००८ सालीच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे गर्भाशय काढण्याची संमती नव्हे, आणि सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या रुग्ण स्त्रीऐवजी नातेवाइकाची संमती चालत नाही. म्हणजे नवऱ्याच्या अंगठ्याला कायद्यात किंमत नाही. पण हा निवाडा फडावरच्या खोपीपर्यंत नेणार कोण?

त्या बाईंनी काय केले?

आमच्या त्या भगिनीला आम्ही कोर्टात नेण्याआधी एका सरकारी रुग्णालयात नेले. तिथे एक समाजसेवा अधीक्षक होत्या. सरकारी रुग्णालयात हे पद असते, हे आपल्यापैकी अनेकांना माहीतही नसते. बेवारस रुग्ण, योजनेचे अर्ज, गरिबांची बिलमाफी यांतच त्यांचा दिवस जातो. पण या बाईंनी दार लावून घेतले आणि तासभर नुसते ऐकले. मग तिची सगळी हकिगत एका पानावर क्रमाने लिहिली. केव्हा दुखू लागले, कोण काय म्हणाले, अंगठा कुणी दिला. त्या स्वतः तिच्याबरोबर स्त्रीरोग विभागात गेल्या आणि ते पान डॉक्टरांच्या हाती दिले. नवी सोनोग्राफी झाली तेव्हा कळले, दोन्ही अंडाशय नव्हते.

जुन्या दवाखान्याला कागद मागणारा अर्ज आम्ही केला. उत्तर आले, रेकॉर्ड उपलब्ध नाही. मग ऑपरेशनची तारीख सिद्ध कशी करायची? अधीक्षक बाईंनीच विचारले, "पैसे कुठून आणले होते?" मुकादमाकडून. मुकादमाच्या वहीत उचलीच्या रकमेपुढे तारीख होती आणि 'बायकोच्या आपरेशनला' असे लिहिलेले होते. आम्ही वीस-बावीस वर्षे वकिली करतो, पण हा पुरावा आम्हाला सुचला नव्हता.

तक्रारीला उशीर झालेला होता, ती वाट अवघडच होती. पण त्या दिवसापासून तिच्यावर योग्य उपचार सुरू झाले. आणि घरी जाताना ती एवढेच म्हणाली, "म्हंजी मी नाटक करत नव्हते तर." सहा वर्षे घरातले तिला कामचुकार म्हणत होते! ती खोटे बोलत नव्हती, हे तिला आणि तिच्या घराला पटणे, हा न्यायाचा पहिला हप्ता होता.

दया नको, कक्ष हवा

एका चांगल्या बाईच्या भरवशावर तेरा-चौदा हजार स्त्रियांना सोडता येत नाही. म्हणून आमची मागणी व्यवस्थेची आहे. रुग्णालयातील समाजकार्य ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. मुंबईत १९३६ साली टाटांच्या देणगीतून समाजकार्याचे महाविद्यालय निघाले आणि १९४६ साली जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. पण पूर्वीच्या उपचारानेच ज्यांना इजा झाली, त्यांच्यासाठी खास प्रशिक्षित समाजसेवक नेमावा, हा विचार इथे रुजलाच नाही.

तो अशक्य आहे का? आयर्लंडचे उदाहरण पाहा. तिथे बाळंतपणानंतर स्त्रियांना दिलेल्या अँटी-डी इंजेक्शनातून हिपॅटायटिस सी पसरल्याचे १९९४ साली उघड झाले. हजाराहून अधिक स्त्रिया बाधित झाल्या होत्या. त्या संघटित झाल्या, लढल्या. १९९६ साली तिथे कायदा झाला आणि बाधितांना एक विशेष कार्ड मिळाले. ते दाखवले की औषध, घरी येणारी परिचारिका आणि समुपदेशन विनामूल्य. दर वेळी आपली कहाणी नव्याने सांगायची नाही, गरिबी सिद्ध करायची नाही. नुकसानभरपाईची व्यवस्था वेगळी, ही सेवा वेगळी.

कुणी म्हणेल, तिथे सरकारी रक्तसंस्थेचा दोष होता, इथे खासगी दवाखान्यांचा. आम्ही विचारतो, त्या दवाखान्यांना नोंदणी कोण देते? महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ पासून आहे. तपासणीचा अधिकार शासनयंत्रणेचा. सरकारी दवाखाना लुळा ठेवून बाईला खासगीच्या दारात ढकलले कुणी? जबाबदारी शासनाचीच.

म्हणून आम्ही म्हणतो : बीडच्या जिल्हा रुग्णालयात आणि ऊसतोड तालुक्यांतील उपजिल्हा रुग्णालयांत गर्भाशय काढलेल्या स्त्रियांसाठी स्वतंत्र समाजसेवा कक्ष असावा. पाहणीत नोंदलेल्या प्रत्येक स्त्रीला कार्ड मिळावे, त्यावर काय काढले, केव्हा काढले, सध्या कोणता उपचार चालू, हे लिहिलेले असावे. हे कार्ड सांगली, कोल्हापूर, सोलापूरच्या रुग्णालयांतही चालावे, कारण हंगामात ही बाई गावात नसतेच. आणि कक्षाची सांगड जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी घालावी. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला, तेव्हा कष्टकरी स्त्रीच्या शरीराची जबाबदारी मालकाने आणि सरकारने घ्यावी, हाच त्यामागचा विचार होता. सावित्रीमाई १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच गेल्या. आणि तथागतांनी अतिसाराने मळात पडलेल्या भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतः स्वच्छ केले, मग संघाला विचारले, तुमच्यातला एक असा एकटा का पडला? आजाऱ्याकडे पाठ फिरवणाऱ्या संघाला तथागतांनी जाब विचारला, हे आपण विसरता कामा नये.

तोच जाब आज आपल्याला आहे. आपल्या वस्तीत, आपल्या नात्यात अशा भगिनी आहेत. विहारात वर्षावासाचे प्रवचन चालते, तिथेच एक दिवस त्यांच्यासाठी ठेवा. शिकलेल्या मुलींनी वही घेऊन बसावे आणि एकेकीची हकिगत तारखेसह लिहून घ्यावी. बिले, सोनोग्राफी, औषधाची चिठ्ठी, मुकादमाची वही, बचत गटाचे कर्ज, जे सापडेल त्याची झेरॉक्स काढावी. कागद तीन वर्षांत नाहीसे होतात, म्हणून हे काम याच दसऱ्याआधी, टोळ्या निघण्यापूर्वी व्हायला हवे. ती यादी घेऊन जिल्हा रुग्णालयात जा आणि विचारा, समाजसेवा अधीक्षक कुठे बसतात?

जयभीम!