‘सर्व्हर डाऊन आहे’ या वाक्याची उलटतपासणी

अर्जाच्या शेवटच्या दिवशी पनवेलमधल्या सेवा केंद्रांत एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘सर्व्हर डाऊन आहे.’ कुणाची शिष्यवृत्ती, कुणाचा उत्पन्नाचा दाखला त्या वाक्यापाशी अडतो आणि रांगेतला माणूस निमूट घरी परततो. हे वाक्य खरे की खोटे, हे ठरवायचे साधन सामान्य माणसाकडे नाही, असे आपण गृहीत धरले आहे. ते साधन आहे, जुने आहे आणि फुकट आहे, एवढेच मला या लेखात दाखवायचे आहे.

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. तिथे यंत्राशी बोलायचे ते चित्रांवर बोट ठेवून नव्हे, तर आज्ञा टाइप करून. भारतातल्या इंटरनेटची सुरुवातही याच घराण्यातली. १९८६ साली ‘अर्नेट’ प्रकल्प सुरू झाला आणि जुहूची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था व पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून युनिक्सची टपाल ये-जा करू लागली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले, तेव्हाही स्वस्तातले ‘शेल’ खाते म्हणजे नुसत्या अक्षरांचा पडदा होता. आजचे लिनक्स त्याच वळणाचे. घरातल्या वायफायच्या डबीतही बहुधा तेच असते.

‘नेट बंद’ या तक्रारीत चार वेगळे प्रश्न दडलेले असतात. ते क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न घरातला: माझे यंत्र डबीपर्यंत पोहोचते का? ‘आयपी राउट’ ही आज्ञा दिली की बाहेर जाण्याच्या दाराचा पत्ता दिसतो. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ सारखा असतो. मग ‘पिंग’ लिहून, एक जागा सोडून, तो पत्ता द्यायचा. उत्तरे येऊ लागली तर घरातली वायर आणि वायफाय ठीक. थांबवायला कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबायच्या.

दुसरा प्रश्न रस्त्याचा: डबीच्या पुढे वाट आहे का? यासाठी बाहेरचा एखादा आकडी पत्ता पिंग करावा, उदाहरणार्थ गूगलचा ८.८.८.८. माइक म्यूस यांनी १९८३ साली पिंग लिहिले. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्यांनी हे नाव दिले. हाक मारायची आणि प्रतिध्वनीला किती वेळ लागला ते मोजायचे, एवढेच त्याचे काम. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन १०० किलोमीटरला १ मिलिसेकंद. न्यूयॉर्क मुंबईपासून सुमारे १२,५०० किलोमीटरवर आहे, त्यामुळे तिथले उत्तर १२५ मिलिसेकंदांच्या आत येऊच शकत नाही. ५ मिलिसेकंदांत आले, तर कंपनी अमेरिकेची असली तरी उत्तर देणारे यंत्र इथेच, आपल्या परिसरात आहे.

हाकेला ओ मिळाली नाही तर ‘ट्रेसराउट’. प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो आणि वाटेतले प्रत्येक ठाणे तो एकाने कमी करते. शून्य झाला की पाकीट टाकून देऊन पाठवणाऱ्याला तसे कळवते. ट्रेसराउट आधी १, मग २, मग ३ असे आकडे घालून पाकिटे सोडते, आणि या सूचनांमधून ठाण्यांची यादी तयार होते. यादीत मध्येच तारका दिसल्या म्हणून घाबरू नये. काही ठाणी उत्तर न देता पाकीट पुढे धाडतात.

तिसरा प्रश्न नावाचा. यंत्रे आकडे ओळखतात, माणसे नावे. दोघांना जोडणारी नामव्यवस्था १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी रचली. ‘डिग’ लिहून संकेतस्थळाचे नाव दिले की त्याचा आकडी पत्ता मिळतो. ८.८.८.८ उत्तर देते, पण डिगला पत्ता मिळत नाही, अशा वेळी रस्ता शाबूत असतो आणि बिघाड नामव्यवस्थेत असतो.

चौथा प्रश्न खुद्द सेवेचा. इथे पिंगवर विसंबू नये, कारण अनेक संकेतस्थळे सुरक्षेसाठी पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. ‘कर्ल’ लिहून, जागा सोडून, आडवी रेघ आणि मोठ्या लिपीतला आय, मग संकेतस्थळाचा पत्ता. उत्तराच्या पहिल्या ओळीत २०० आले तर सेवा चालू. ५०३ आले तर यंत्र जागे आहे, पण सेवा देऊ शकत नाही. ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द खऱ्या अर्थाने लागू पडतात ते इथे.

आमच्या परिसरातल्या काही तरुणांना मी हा क्रम शिकवला. त्यांना इंग्रजीची भीती होती, पण शब्द मोजून पाच-सहा निघाले. आता ते पडद्यावरचे उत्तर, तारीख आणि वेळ यांसह जपून ठेवतात. मुदतवाढीच्या अर्जाला ते जोडले की ‘नेट नव्हते’ या तोंडी सबबीला कागदाचा आधार मिळतो. दोष केंद्राच्या वायरीचा, सेवा पुरवठादाराचा की सरकारी यंत्राचा, हेही त्यातून समजते, आणि जबाब कुणाला विचारायचा ते ठरते. रांगेतल्या माणसाला एवढे कळले, तरी तो निमूट परतणार नाही.