बाविसावे गुणसूत्र आणि हैदराबादची गोळी

इमॅटिनिब या रक्ताच्या कर्करोगावरच्या गोळीची गोष्ट सांगणारे बहुतेक जण २००१ सालाशी, अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली तिथे, थांबतात. पुढची बारा वर्षे अशी गाळली, तर नांदेड-परभणीहून सिकंदराबादला उतरून डॉक्टरांकडे जाणाऱ्या रुग्णाच्या पिशवीत ही गोळी आली कशी, ते कळत नाही.

सुरुवात १९६० मधली. फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या (डॉक्टर त्याला ‘सीएमएल’ म्हणतात) रुग्णांच्या रक्तपेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. विशिष्ट कर्करोगात गुणसूत्राचा ठरावीक बिघाड सापडण्याची ही पहिलीच वेळ. पण उरलेला तुकडा गेला कुठे?

ते शोधले शिकागोच्या जॅनेट राउली यांनी. चार मुलगे वाढवताना या बाईंनी बरीच वर्षे अर्धवेळच काम केले. गुणसूत्रे रंगवून त्यांवरचे पट्टे ओळखण्याचे तंत्र नवीन होते. फोटोतली गुणसूत्रे कात्रीने कापून त्या घरी जेवणाच्या टेबलावर जोड्या लावत बसत आणि आई कागदी बाहुल्या खेळते म्हणून मुले चेष्टा करत. १९७३ मध्ये त्यांनी दाखवून दिले की बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा नवव्याला जाऊन चिकटला आहे. पुढे नवव्याचाही बारीकसा भाग बाविसाव्यावर आल्याचे सिद्ध झाले. या अदलाबदलीत बीसीआर आणि एबीएल ही दोन जनुके एकमेकांना जोडली जातात, आणि त्यांतून तयार होणारे प्रथिन पेशीला वाढण्याचा हुकूम देतच राहते. हा दोष आईवडिलांकडून येत नाही, रुग्णाच्याच मज्जेत जन्मभरात कधीतरी घडतो. घरात सोयरिकीच्या गप्पा निघतात तेव्हा हे मुद्दाम सांगावे लागते.

शत्रू नेमका कळल्यावर औषधही नेमके शोधता आले. डॉक्टर ब्रायन ड्रकर यांनी केलेल्या इमॅटिनिबच्या पहिल्या चाचणीत, १९९८ पासून, पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ पैकी ५३ रुग्णांचे रक्त पूर्ववत झाले. कर्करोगाच्या इतिहासात असे आकडे क्वचितच दिसतात.

आता हैदराबाद. नॅटको या इथल्या कंपनीने आपली इमॅटिनिब ‘वीनॅट’ नावाने बाजारात आणली. मूळ औषध बनवणाऱ्या नोव्हार्टिसच्या गोळ्यांना महिन्याला सुमारे सव्वा लाख रुपये पडत, भारतीय गोळ्यांना आठ-दहा हजार. नोव्हार्टिस अनेकांना औषध मोफत देत होती, हेही नोंदवायला हवे. पण एका कंपनीच्या औदार्यावर देशभरच्या रुग्णांचे उपचार टांगून ठेवणे मला तरी पटत नाही. २००३ अखेर नोव्हार्टिसला विक्रीचा एकाधिकार मिळाला. मद्रास उच्च न्यायालयाने प्रतिस्पर्ध्यांना मनाई केली, मुंबई उच्च न्यायालयाने मात्र तशी मनाई द्यायचे नाकारले. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने नोव्हार्टिसचा पेटंटचा अर्ज फेटाळला. विरोध करणाऱ्यांत नॅटकोबरोबर मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनही होती.

वाद होता औषधाच्या स्फटिकरूपाचा. हे रूप शरीरात ३० टक्के जास्त शोषले जाते, असे कंपनीचे म्हणणे. पेटंट कायद्याचे कलम ३(ड) सांगते की ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाने गुणकारीपणा वाढायला हवा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ एप्रिल २०१३ रोजी तिथे न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना प्रकाश देसाई यांनी निकाल दिला: औषधाच्या बाबतीत गुणकारीपणा म्हणजे रोग बरा करण्याची ताकद, आणि जास्त शोषण तेवढ्यावरून ती वाढल्याचे सिद्ध करत नाही; म्हणून पेटंट नाही. एवढ्या कोरड्या वाक्यावर हजारो घरांचा महिन्याचा हिशेब अवलंबून होता.

आपल्याकडे सीएमएल पाश्चात्त्यांपेक्षा बऱ्याच कमी वयात, पुष्कळदा तिशी-चाळिशीत गाठतो; म्हणजे घरातली कमावती व्यक्तीच आजारी पडते. गोळी स्वस्त झाली, तरी रक्तात बीसीआर-एबीएल किती उरले ते मोजणारी पीसीआर चाचणी ठरावीक महिन्यांनी करावीच लागते आणि तिचा खर्च वेगळा. शिवाय काही रुग्णांत त्या जनुकातच नवा बदल होऊन गोळी निकामी ठरते. मग पुढच्या पिढीची औषधे द्यावी लागतात. डॉक्टरांना जास्त धास्ती असते ती बरे वाटू लागले म्हणून मनानेच गोळी सोडणाऱ्यांची. चाचणीत दोष दीर्घकाळ जवळपास दिसेनासा झाला, तरच काही निवडक रुग्णांत औषध थांबवून पाहतात, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वारंवार पीसीआर करत.