परभाषेचा अध्यापक

ज्याच्या घरी इंग्रजी कधी बोलली गेली नाही, अशा मनुष्याने इंग्लंड-अमेरिकेस जाऊन इंग्रजी शिकविण्याच्या विद्येत पदव्युत्तर पदवी संपादन करावी आणि ती भाषा इतरांस शिकवावी, हा क्रम पुष्कळांस विपरीत वाटतो. या समजुतीला इतिहास आहे. १९६१ साली युगांडातील मकेरेरे येथे इंग्रजीच्या अध्यापनाविषयी जी परिषद भरली, तिच्या विचारांतून पुढे रूढ झालेल्या सूत्रांपैकी एक असे होते की, इंग्रजीचा आदर्श शिक्षक म्हणजे जन्मतः इंग्रजी बोलणारा. भाषातज्ज्ञ रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ साली त्यास उघडपणे भ्रम ठरविले आणि हंगेरीचे पेटर मेद्येश यांनी, जो स्वतः ती भाषा कष्टाने शिकला त्यालाच शिकणाऱ्याच्या अडचणी आधी दिसतात, असे साधार प्रतिपादन केले.

आपल्याकडील उदाहरण घ्यावे. ‘मी दोन वर्षांपासून पुण्यात राहतो’ हे वाक्य मराठी विद्यार्थी ‘आय लिव्ह इन पुणे सिन्स टू इयर्स’ असे बेधडक म्हणतो. जन्माने इंग्रजीभाषक असलेला शिक्षक चूक तत्काळ दुरुस्त करील. परंतु सारा वर्ग तीच चूक का करतो, हे त्यास सहसा उमगत नाही. आपले ‘पासून’ आरंभाचा क्षणही दाखविते आणि कालावधीही. इंग्रजीने ही कामे दोन शब्दांत वाटून दिली आहेत, शिवाय भूतकाळी सुरू होऊन आजवर चाललेल्या क्रियेस तिने निराळे क्रियारूप नेमले आहे, जेथे मराठीचे साध्या वर्तमानकाळाने भागते. मराठी अध्यापकास ही गोष्ट अंगवळणी पडलेली असते, पण अंगवळणी पडलेले नेमके सांगता येतेच असे नाही. ते सांगण्याची परिभाषा, ध्वनिशास्त्र, परीक्षणाची तत्त्वे आणि अनुभवी अध्यापकाच्या देखरेखीखाली वर्ग घेण्याचा सराव हेच या अभ्यासक्रमाचे खरे देणे आहे, आणि शुद्ध विलायती उच्चारांच्या लोभाने जाणारा त्यास मुकतो, असे माझे स्पष्ट मत आहे. याउलट भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू पाहावे. ते काश्मीरचे; एडिंबरोस अध्ययन करून ते पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले आणि भारतीय इंग्रजीची वैशिष्ट्ये हाच त्यांनी आपल्या संशोधनाचा विषय केला.

ब्रिटनमध्ये हा अभ्यासक्रम बहुधा एका वर्षाचा, तर अमेरिकेत साधारणतः दोन वर्षांचा असतो. भाषापरीक्षेचा दाखला, शिफारसपत्रे आणि खर्चाची तजवीज ही ठरलेलीच. मात्र पदवीने सर्व दरवाजे उघडतील असे मानू नये. दक्षिण कोरियात इंग्रजी-शिक्षकाचा प्रवेशपरवाना मुख्यत्वे सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी राखलेला आहे; तेथे उमेदवाराच्या विद्वत्तेआधी त्याचे पारपत्र पाहिले जाते, आणि हा अन्याय आहे.

श्रीलंकेचे जॉर्ज ब्रेन यांनी अमेरिकेत शिकत असताना आपल्याच विद्यापीठाच्या भाषाकेंद्रात शिकविण्यासाठी अर्ज केला, तेव्हा तो नामंजूर झाला, आणि अध्यापनाचा अनुभव नसलेल्या इंग्रजीभाषक सहाध्यायांची मात्र नेमणूक झाली. पुढे काम मिळाले, तरी दोन विद्यार्थ्यांनी त्यांच्या उच्चारांविषयी तक्रार करून वर्ग बदलून मागितला. तेच ब्रेन हाँगकाँगमध्ये प्राध्यापक झाले, आणि १९९८ साली इंग्रजी-अध्यापकांच्या अमेरिकास्थित संघटनेत अन्यभाषक अध्यापकांचा स्वतंत्र गट उभा राहिला, त्यात त्यांचा पुढाकार होता. आज निघू पाहणाऱ्या तरुण-तरुणींनी यावरून एक दक्षता जरूर घ्यावी: शुल्क भरण्यापूर्वी, प्रत्यक्ष वर्ग घेण्याची संधी परदेशी विद्यार्थ्यांसही मिळते काय आणि किती तास मिळते, हे विद्यापीठास लेखी विचारावे, आणि उत्तर जपून ठेवावे.