बोलेल हो, घाई काय!

"आमच्याकडची सगळीच मुलं उशिरा बोलतात. याचा बाप तीन वर्षांचा होईतो 'आई' म्हणत नव्हता, आता गप्प बसवत नाही!" वारज्यात गणपती माथ्याजवळच्या माझ्या एका खोलीच्या दवाखान्यात हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानी पडतेच. बोलणाऱ्या बहुधा आजी असतात. मांडीवर अडीच-तीन वर्षांचे नातवंड. डोळ्यांनी सारे टिपणारे, तोंडातून मात्र अवाक्षर नाही. माझा व्यवसाय वाचा-उपचाराचा, म्हणजे लोकांच्या भाषेत 'स्पीच थेरपी'चा. आजींचे म्हणणे खोटे असते असे नाही. काही मुले खरेच उशिरा बोलतात आणि मग सारी कसर भरून काढतात. पण ती मुले कोणती, हे नुसते बघून कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न जिभेविषयी नसतो, कानाविषयी असतो. मूल ऐकते का? "ऐकतं की! मागून थाळी वाजवली तर वळतो." ही थाळीची परीक्षा घरोघरी होते आणि तिच्यासारखी फसवी परीक्षा दुसरी नाही. स्टीलच्या थाळीचा दणका अर्धवट ऐकणाऱ्या मुलालाही कळतो. कधी ते जमिनीच्या हादऱ्याने वळते, कधी आईची नजर तिकडे गेली म्हणून. 'स', 'श', 'फ' असे हलके आवाज मात्र त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत आणि ज्या आवाजांनी शब्द घडतात त्यांत ते असतात. शिवाय पहिल्या काही महिन्यांत ऐकू न येणारे बाळही गळ्यातून आवाज काढते, त्यामुळे घर निर्धास्त राहते.

खरी तपासणी किती सोपी आहे! 1978 मध्ये डेव्हिड केम्प या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की निरोगी कान आवाज घेतो तसा अगदी क्षीण आवाज परतही पाठवतो. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून तो प्रतिसाद काही मिनिटांत टिपता येतो. ना सुई, ना भूल. पहिल्या महिन्यात ही चाळणी, तिसऱ्यापर्यंत नक्की निदान आणि सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र व उपचार, असे वेळापत्रक जगभर मानले जाते. आमच्याकडे मूल येते तिसऱ्या वर्षी. मेंदूची भाषा पकडण्याची सर्वांत उत्तम वर्षे तोवर निघून गेलेली असतात, आणि तीच पुन्हा मिळत नाहीत.

बाळ तर जन्माआधीच ऐकू लागते. 1980 मध्ये अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर यांनी नवजात बाळांवर प्रयोग केला. बाळ चोखणी एका विशिष्ट लयीत चोखील तर आईचा आवाज, दुसऱ्या लयीत परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज मिळेल अशा लयीत चोखायला सुरुवात केली! संवादाची पायाभरणी तिथे असते. पुढे बाळ 'आ' करते, आई 'काय रे?' म्हणते, थांबते. बाळ पुन्हा 'आ' करते. ही पाळी घेणे म्हणजेच संभाषण. शब्द त्यानंतर येतात. मोबाइल खूप बोलतो, पण बाळाने 'आ' केल्यावर तो थांबत नाही.

वारजे 1997 मध्ये महापालिकेत आले. आता महामार्गालगतच्या उंच इमारतींत आणि रामनगरच्या वस्तीत मराठी, हिंदी, कन्नड सगळेच कानावर पडते. त्यातून नवे खूळ निघाले आहे: मूल बोलत नाही, तर घरात एकच भाषा ठेवा, आणि तीही इंग्रजी. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही, हे अभ्यासाने सिद्ध झालेले आहे. पण ज्या आईला इंग्रजीत रागावता येत नाही, लाड करता येत नाहीत, ती बिचारी 'कम, सिट, ईट' यापुढे जातच नाही. मुलाला मिळणारी भाषा अशी आणखी आटते. मला याचा मनापासून संताप येतो.

गंमत अशी, की उच्चाराचा नकाशा आपल्या पहिलीच्या पुस्तकातच आहे. क-वर्ग कंठातला, च-वर्ग टाळूचा, प-वर्ग ओठांचा. जीभ कुठे लागते त्या क्रमाने लावलेली अक्षरे. मूल 'काका'ला 'ताता' म्हणते तेव्हा कुठला मुक्काम चुकला ते त्यावरून लगेच कळते. मात्र 'चार' आणि 'चारा' यांतला 'च' वेगळा, आणि 'ळ' तर इंग्रजी तक्त्यांत नाहीच. मराठी मुलांसाठी मराठी शब्दांचेच तक्ते लागतात.

आणि हे काम काही केवळ मुलांचे नाही. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या एका निवृत्त कंडक्टरांना पाणी मागता येत नव्हते, पण गणपतीची आरती ते सुरात म्हणत. 1861 मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोकांनी 'तान' एवढेच बोलू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू तपासून बोलण्याची जागा दाखवली. गाण्याचा मार्ग काहीसा निराळा असतो. आम्ही त्या सुरावरच 'पाणी द्या' बसवले. घसा बसलेले शिक्षक, तोतरेपणाने मुलाखतीला न जाणारे तरुण, आजारानंतर घास गिळता न येणारे वृद्ध, सगळे याच दारी येतात.

या दारी उभी राहणारी माणसे मात्र फार थोडी. बारावीला विज्ञान घेऊन चार वर्षांची पदवी, त्यातले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष रुग्णांत. 1992 च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था 1965 पासून, वांद्र्याची अली यावर जंग संस्था 1983 पासून हे शिक्षण देते. मुंबईत नायर रुग्णालय आणि पुण्यात भारती विद्यापीठ येथेही सोय आहे. ज्यांचा ओढा हातांच्या भाषेकडे आहे त्यांना दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रात दुभाषाचा अभ्यासक्रम करता येतो. ते 2015 मध्ये स्थापन झाले. पालक विचारतात, "यात पैसा किती?" डॉक्टरइतका नाही, हे मी स्पष्ट सांगते. रुग्णालये, विशेष शाळा, श्रवणयंत्रांच्या कंपन्या, स्वतःचा दवाखाना अशी कामे मिळतात. मात्र एका 'क'साठी तीन महिने बसायची तयारी हवी. ज्याला ते जमेल का याची शंका असेल, त्याने प्रवेशअर्ज भरण्याआधी एखाद्या केंद्रात परवानगी घेऊन दोन दुपारी कोपऱ्यात बसून पाहावे.