फ्रेंच माणूस, इंग्रजी दवाखाना: ओळखीचे शब्दच जेव्हा फसवतात, तेव्हा फोन कसा वापरायचा?

माझा एक फ्रेंच मित्र कामासाठी लंडनला राहायला चाललाय. मी त्याला इंग्रजी शब्द शिकायला मदत करतो, तो माझं फ्रेंच सुधारतो. वरवर पाहता त्याचं काम सोपं आहे. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत आले.

पण खरी गंमत इथेच आहे. हिंदीतली 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि आपली 'शिक्षा' म्हणजे दंड! फ्रेंच आणि इंग्रजीत असे शब्द भरपूर आहेत. दुकानात चुकलं तर हसू होतं, दवाखान्यात चुकलं तर उपचारच चुकीच्या दिशेने जाऊ शकतात.

फसवे शब्द

- आंजीन: फ्रेंचमध्ये घसा किंवा टॉन्सिल सुजणं. इंग्रजीत 'अँजायना' म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्यामुळे छातीत दुखणं.
- माल ओ कर: शब्दशः 'हृदयात दुखणं', पण खरा अर्थ मळमळणं.
- फिझिसियँ: भौतिकशास्त्रज्ञ. इंग्रजी 'फिजिशियन' मात्र डॉक्टर.
- पँ: स्पेलिंग इंग्रजी 'पेन'चंच, म्हणजे दुखण्याचं. पण अर्थ पाव!
- एव्हाँच्युएलमाँ: म्हणजे 'कदाचित'. इंग्रजी 'इव्हेंच्युअली' म्हणजे 'शेवटी, कालांतराने'. डॉक्टर सांगतात सूज उतरेलच, आणि फ्रेंच पेशंटला वाटतं उतरली तर उतरेल.

संक्षेपही उलटे असतात. आपण ज्याला एमआरआय म्हणतो, ते फ्रान्समध्ये आयआरएम. रक्तातली साखर फ्रान्समध्ये लिटरमागे 1 ग्रॅम असेल, तर तीच ब्रिटनच्या रिपोर्टमध्ये साधारण 5.5 मिलिमोल दिसते. आकडा पाहून घाबरू नका, आधी एकक बघा.

आता फोन कामाला लावूया

1. सुटे शब्द नको, वाक्यं पाठ करा. आम्ही अँकी हे फ्लॅशकार्ड ॲप वापरतो. अँड्रॉइडवर त्यासाठी अँकीड्रॉइड मोफत मिळतं. कार्डच्या एका बाजूला फ्रेंचमध्ये प्रसंग लिहायचा, जसं 'घसा दुखतोय, गिळता येत नाही'. मागे पूर्ण इंग्रजी वाक्य. आठवलेलं कार्ड ॲप बऱ्याच दिवसांनी दाखवतं, विसरलेलं लगेच पुन्हा समोर आणतं. त्यामुळे मेहनत कच्च्या शब्दांवरच होते.

2. भाषांतर उलटं करून बघा. गूगल ट्रान्सलेटमध्ये एकटा शब्द न टाकता पूर्ण वाक्य टाका. आलेलं इंग्रजी वाक्य परत फ्रेंचमध्ये फिरवा. अर्थ बदलला, तर वाक्य आणखी सोपं करा. दोन्ही भाषा आधीच डाऊनलोड करून ठेवा, म्हणजे नेट नसलं तरी अडणार नाही.

3. उच्चार कीबोर्डच्या माइकवर तपासा. फ्रेंचमध्ये 'ह' उच्चारत नाहीत. त्यामुळे 'हार्ट'चं सहज 'आर्ट' होतं. भाषा इंग्रजी ठेवून बोला आणि फोन काय टाइप करतो ते बघा.

4. वैद्यकीय माहिती लॉक स्क्रीनवर ठेवा. फोनच्या आपत्कालीन माहितीत ॲलर्जी, आजार आणि चालू औषधं इंग्रजीत भरा. औषधाचं ब्रँडनेम नको, मूळ नाव लिहा. फ्रान्समधलं डोलिप्रान लंडनच्या नर्सला कळेलच असं नाही, पॅरासिटामॉल लगेच कळेल. अमेरिकेत मात्र त्यालाच ॲसिटामिनोफेन म्हणतात!

एक लक्षात ठेवा: ॲप हे सरावासाठी आहे, निदानासाठी नाही. ब्रिटनमध्ये तातडीची वेळ आली तर थेट 999 लावायचा, 112 सुद्धा चालतो. आणि डॉक्टरांसमोर शब्द अडलाच, तर दुखतंय तिथे बोट ठेवायचं. ती भाषा सगळ्यांना कळते.